बाबांची गाडी आणि तुमची गणिताची वही

मुलांनो, समजा तुम्ही एडवणला राहता. समोर समुद्र, मागे वाडी, गावात आशापुरी देवीचं देऊळ. बाबा बोईसरजवळ तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला. सकाळची पाळी असली, की घर अंधारातच जागं होतं. आधी सफाळे स्टेशन गाठायचं, मग गाडी पकडायची. केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि मग बोईसर! पुढे पुन्हा रिक्षा. २०१३ साली लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली तेव्हापासून बरं झालं. पण दुसरी पाळी रात्री सुटते तेव्हा काय? सफाळ्याला उतरल्यावर गावाकडे यायला वाहन मिळेलच असं नाही. आई दार उघडं ठेवून जागी!

एक दिवस बाबा म्हणतात, “एक छोटी गाडी घ्यावी म्हणतो.”

आई म्हणते, “आणि ताईच्या कॉलेजची फी?”

झालं! घरात दोन पक्ष पडले. आता निवाडा कुणी करायचा? तुम्ही! काढा गणिताची वही.

‘कितना देती है?’

गाडीच्या दुकानात मोठी माणसं पहिला प्रश्न हाच विचारतात. एक लीटर पेट्रोलमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, याला आपण ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतो. जाहिरातीतला आकडा येतो कुठून, ठाऊक आहे? पुण्यात ‘एआरएआय’ नावाची संस्था आहे. अशा चाचणी संस्थेत गाडीची चाकं मोठ्या रुळांवर ठेवतात. गाडी जागच्या जागी धावते, वेग ठरलेल्या क्रमानं कमी-जास्त करतात. तिथे ना खड्डा, ना म्हैस आडवी, ना मुसळधार पाऊस! म्हणून रस्त्यावरचा आकडा बहुतेक वेळा कमीच येतो. जाहिरातीतला आकडा खोटा नसतो बरं का. दोन गाड्यांची तुलना करायला तो उपयोगी. पण घरखर्चाचा हिशेब मांडताना त्यातून थोडं कापूनच धरावं.

गंमत २५ आणि १५ ची

जाऊन-येऊन रोज ६० किलोमीटर धरू. महिन्याला २५ दिवस काम. म्हणजे १५०० किलोमीटर. आता पाहा :

१५ चं अ‍ॅव्हरेज : १०० लीटर
२० चं अ‍ॅव्हरेज : ७५ लीटर
२५ चं अ‍ॅव्हरेज : ६० लीटर

अ‍ॅव्हरेज दोन्ही वेळा ५ नंच वाढलं. पण पहिल्यांदा वाचले २५ लीटर आणि दुसऱ्यांदा फक्त १५! म्हणजे अगदी तहानलेली गाडी टाळली, की मोठा फायदा आधीच पदरात पडतो. पुढच्या एकेका किलोमीटरसाठी दुकानदार हजारो रुपये जास्त मागत असेल, तर थांबून वहीत बघायचं.

सीएनजी घ्यावी का?

सीएनजी लीटरवर नाही, किलोवर मिळतो. दर बदलत असतात, म्हणून सोपे आकडे धरू : पेट्रोल लीटरला १०० रुपये, सीएनजी किलोला ८० रुपये. पेट्रोलची गाडी २० चं अ‍ॅव्हरेज देते, तर महिन्याला ७५०० रुपये. सीएनजीची किलोला २५ किलोमीटर जाते, तर ६० किलोचे ४८०० रुपये. महिन्याला २७०० रुपये वाचले!

पण सीएनजीची गाडी ८१ हजारांनी महाग आहे, असं समजा. ८१,००० भागिले २७००, म्हणजे ३० महिने. अडीच वर्षांत जादा पैसे वसूल, पुढे सगळी बचत. मात्र दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. टाकीनं डिकीतली जागा जाते, आणि त्या टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते. शिवाय पंप रोजच्या वाटेवर हवा. गॅस भरायलाच लांब जायचं असेल, तर उपयोग काय?

बॅटरीच्या गाडीचंही तसंच. रोजच्या ६० किलोमीटरला ती सहज पुरते, चालवायला स्वस्तही पडते. पण विकत घेताना महाग. आणि गावात वारंवार वीज जात असेल, तर रात्री चार्ज कशी करणार?

स्वस्त म्हणजे काय?

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. किंमत पन्नास हजारांच्या आतली, इंजिन छोटं. तीस वर्षं ही गाडी बनत राहिली. २००९ साली टाटांची नॅनो आली, लाखभराची गाडी म्हणून जगभर गाजली. पण ‘सगळ्यांत स्वस्त गाडी’ ही ओळखच तिला नडली, असं पुढे रतन टाटांनीही सांगितलं. नुसती किंमत कमी म्हणजे गाडी स्वस्त नव्हे. विमा, सर्व्हिसिंग, टायर, कर्जाचा हप्ता हे सगळं किमतीतच धरायचं.

आणि सुरक्षितता! ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात ‘भारत एनकॅप’ ही चाचणी सुरू झाली. गाडी मुद्दाम आदळून पाहतात आणि तारे देतात. रात्री अंधारात घरी येणाऱ्या बाबांसाठी ते तारे आधी पाहायचे, रंग नंतर. समुद्राकाठी खाऱ्या हवेनं पत्रा गंजतो, म्हणून जुनी गाडी घेताना खाली वाकून तळ बघायलाच हवा.

आता निवाडा

तुम्ही विचारता, “बाबा, गाडी रोज लागते का?” बाबा विचार करतात. अडचण फक्त दुसऱ्या पाळीची. ती तीन आठवड्यांतून एकदा येते. बाकी दिवस लोकल आहेच की! मग महिन्याचे १५०० किलोमीटर नव्हेत, ५००. आता सीएनजीची बचत ९०० रुपये. ८१ हजार वसूल व्हायला ९० महिने, म्हणजे साडेसात वर्षं!

उत्तर बदललं ना? अशा घराला छोटी, चांगल्या स्थितीतली जुनी पेट्रोल गाडीही पुरेल. आईची झोप शाबूत आणि ताईची फीही. तुमच्या घरचे आकडे वेगळे असतील, तर उत्तरही वेगळं येईल. म्हणून शेजाऱ्यानं घेतली म्हणून आपण घ्यायची नाही.

करून पाहा

घरच्या किंवा मामांच्या गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज काढा. टाकी पूर्ण भरा, मीटरचा आकडा लिहा. काही दिवसांनी पुन्हा पूर्ण भरा. आधी १२,४८० होता, आता १२,८४० आहे. म्हणजे ३६० किलोमीटर. पेट्रोल मावलं २० लीटर. ३६० भागिले २०, अ‍ॅव्हरेज १८! मग टायरमध्ये नीट हवा भरून, उगाच वेग न वाढवता आणि फाटकापाशी इंजिन बंद करून पुन्हा मोजा. किती फरक पडला, ते आई-बाबांना वही उघडून दाखवा!