नव्या वर्षात लघुउद्योजकाला हवेत वेळेवर पैसे

भोसरीतल्या लेथवाल्याला नवं वर्ष कसं जाईल विचारा. ऑर्डरींच्या आधी तो थकलेल्या बिलांबद्दल बोलेल. माल गेला, बिल झालं की जीएसटी भरावाच लागतो, मग पार्टीचे पैसे येवोत न येवोत. पगार, वीजबिल, बँकेचा हप्ता यांना थांबा सांगता येत नाही.

कायदा त्याच्या बाजूने आहे. २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते व्हायला हवेत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही न दिलेली रक्कम खरेदीदाराला आयकरात त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. तरीही मोठं गिऱ्हाईक तुटेल या भीतीने अनेकजण तक्रार टाळतात, आणि ही भीती खोटी नाही.

या कायद्याखाली येणाऱ्या लघु उद्योगाची मर्यादा १ एप्रिल २०२५पासून वाढली आहे: गुंतवणूक २५ कोटी, उलाढाल १०० कोटी रुपयांपर्यंत. कायद्याचा हा आधार घ्यायचा असेल आणि ‘उद्यम’ नोंदणी अजून केली नसेल, तर आधी ती करा. ती ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. त्यासाठी एजंटाला एक रुपयाही देऊ नका.