दोरी धाकट्यांच्या हातात

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पालकांपुढे एक प्रश्न हमखास येतो : मुलाला स्काऊटला, मुलीला गाईडला घालावं का? संपादकांनी हाच प्रश्न घेऊन सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मला धाडलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मैदानाच्या कडेला गाईडचं पथक जमलं होतं. मोगरा संघाच्या मुलींना बांबू आणि सुतळीची घडवंची बांधायची होती, भरलेली कळशी पेलेल अशी. आडव्या-उभ्या बांबूंचा सांधा बांधायची रीत ठरलेली. आधी उभ्या बांबूला क्लोव्ह हिचची गाठ, मग दोन्ही बांबूंना आळीपाळीने वरून-खालून तीन-चार वेढे, मग दोन्हींच्या मधून आवळून आणखी दोन-तीन आणि शेवटी पुन्हा तीच गाठ. हे मधले आवळ सैल पडले की सगळंच डुगडुगतं.

वेढे घालत होती सहावीतली एक मुलगी आणि ते सैलच पडत होते. संघनायिका नववीतली. तिला ते दिसत होतं, पण तिने सुतळी हातात घेतली नाही. बांबू घट्ट धरून म्हणाली, “ओढ. अजून ओढ. करकरला पाहिजे.” घडवंची उभी राहिली, कळशी ठेवली, एक पाय सरकला आणि सगळ्याजणी भिजल्या. मग सोडून पुन्हा बांधायला बसल्या. गाईडच्या बाई हे सगळं कडुनिंबाखालून बघत होत्या. जवळ का गेला नाहीत, असं विचारल्यावर म्हणाल्या, “मी गेले की पोरी काम सोडून माझ्याच तोंडाकडे बघतात.”

माझ्या मते या चळवळीचं सारं मर्म इथे आहे. गणवेश, स्कार्फ, सलामी नंतरची. सहा ते आठ मुलांचा संघ, त्यातलाच वर्षा-दोन वर्षांनी मोठा नायक, आणि पथकाचे बेत ठरवणारी नायकांची सभा. दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगच्या वेढ्यात निरोप पोहोचवणारी पोरं या चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी पाहिली होती. जबाबदारी टाकली तर मुलं ती पेलतात, हे त्यांना तिथे पटलं. १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राऊनसी बेटावर त्यांनी विसेक मुलांचं शिबिर घेतलं. श्रीमंतांची आणि कामकऱ्यांची मुलं एकत्र करून त्यांचे चार संघ पाडले. भारतात १९०९ मध्ये स्काऊटिंग आलं, पण आधी भारतीय मुलांना त्यात जागा नव्हती. अ‍ॅनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी आपल्या मुलांसाठी वेगळी पथकं उभी केली. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, ‘भारत स्काऊट्स अँड गाईड्स’ ही एकच संस्था झाली. गाईड चळवळीच्या मोजक्या जागतिक केंद्रांपैकी ‘संगम’ हे केंद्र १९६६ पासून पुण्यात आहे, हे कित्येक पुणेकरांनाही ठाऊक नसतं.

चिंता वाटते ती पुढच्या गोष्टींची. पथक टिकतं एका शिक्षकाच्या जिवावर. प्रशिक्षण घेतलेल्या बाईंची बदली झाली की नोंदवहीत पथक उरतं, मैदानावर नाही. शाळेबाहेरच्या कामांनी आणि माहिती भरण्याने शिक्षकांचे शनिवार आधीच खाल्लेले. नववीनंतर तो तास गणिताला जातो. बऱ्याच ठिकाणी स्काऊट दिसतो तो पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला, पाहुण्यांच्या स्वागताला.

सर्वांत वाईट वाटतं ते ‘खरी कमाई’चं. मुलांनी स्वतः राबून चार पैसे मिळवावेत, हा त्या उपक्रमाचा गाभा. शाळेत स्टॉल लागतात, पण वडे रात्री जागून आईने तळलेले असतात आणि गल्ल्यावर बाबा बसलेले. मूल बाजूला उभं राहून फोटो काढून घेतं. यात मुलांचा काही दोष नाही. आपल्याला त्यांचा वडा करपलेला चालत नाही.

तरीही दहा वर्षांचं झालेलं मूल या पथकात जरूर घाला. आधी शाळेत जाऊन तीन गोष्टी विचारा : दर आठवड्याला पथक भरतं का, संघनायक मुलं स्वतः निवडतात का, आणि वर्षातून एकदा तरी रात्रीच्या मुक्कामाचं शिबिर होतं का. गणवेश कुठे मिळतो, ते नंतर विचारलं तरी चालेल. आणि खरी कमाईच्या दिवशी कृपा करून स्टॉलच्या अलीकडे, गिऱ्हाइकांच्या रांगेत उभे राहा.