ग्राफीन ऑक्साइड

ग्राफीन ऑक्साइड हे ग्राफीनच्या एक अणू जाडीच्या कार्बन थराला ऑक्सिजनयुक्त गट जोडले जाऊन बनणारे द्रव्य आहे. ग्राफाइटचे ऑक्सिडीभवन केल्यास प्रथम ग्राफाइट ऑक्साइड मिळते. पाण्यात त्याचे थर सुटे केले की ग्राफीन ऑक्साइड तयार होते. त्याच्या क्षपणाने ग्राफीनसदृश द्रव्य मोठ्या प्रमाणावर बनविता येते. मात्र ते शुद्ध ग्राफीन नसते.

निर्मितीचा इतिहास

इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ बेंजामिन ब्रॉडी यांनी १८५९ मध्ये पोटॅशियम क्लोरेट व सधूम नायट्रिक अम्ल यांची ग्राफाइटवर विक्रिया घडवून ग्राफाइट ऑक्साइड मिळविले. या पद्धतीत क्लोरीन डायऑक्साइड हा स्फोटक वायू निर्माण होतो. १९५८ मध्ये विल्यम हमर्स व रिचर्ड ऑफेमन यांनी क्लोरेट वगळून सल्फ्यूरिक अम्ल, सोडियम नायट्रेट व पोटॅशियम परमँगनेट वापरले. ही विक्रिया ४५° से.पेक्षा कमी तापमानास दोन तासांच्या आत पूर्ण होते. तीत तयार होणारे मँगॅनीज हेप्टॉक्साइड सुमारे ५५° से.च्या वर स्फोट पावू शकते. म्हणून मिश्रण बर्फात थंड ठेवून परमँगनेट थोडेथोडे घालतात. २०१० मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठातील संशोधकांनी सोडियम नायट्रेटऐवजी फॉस्फोरिक अम्ल वापरून विषारी नायट्रोजन ऑक्साइड वायू टाळले.

संरचनेतील बदल

ग्राफाइटमध्ये प्रत्येक कार्बन अणू त्याच थरातील तीन शेजारी अणूंशी जोडलेला असतो आणि थरांमधील अंतर ०.३३५ नॅनोमीटर असते. १९९८ मध्ये मांडलेल्या लेर्फ–क्लिनोव्स्की प्रतिमानानुसार ऑक्सिडीभवनानंतर थराच्या पृष्ठावर हायड्रॉक्सिल व इपॉक्साइड गट, तर कडांवर मुख्यतः कार्बॉक्सिल गट असतात. ऑक्सिजन जोडलेल्या कार्बनला चौथा बंध मिळाल्याने सपाट थर तेथे वाकतो. इलेक्ट्रॉनांचा मार्ग खंडित होऊन विद्युत् संवाहक द्रव्य निरोधक बनते. थरांमधील अंतर आर्द्रतेनुसार सुमारे ०.६ ते १ नॅनोमीटर होते. हे गट पाण्याला आकर्षित करत असल्याने थर पाण्यात सहज विखुरतात.

क्षपण

हायड्राझीन, अस्कॉर्बिक अम्ल (क जीवनसत्त्व) किंवा उष्णता यांच्या साहाय्याने ऑक्सिजन काढून टाकता येतो. तपकिरी द्रव्य काळे पडते व त्याची संवाहकता बऱ्याच अंशी परत येते. तथापि तापविताना ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइड व कार्बन डायऑक्साइड यांच्या रूपाने बाहेर पडतो, म्हणजेच थरातील काही कार्बन अणूही निघून जातात. मागे राहिलेली छिद्रे व शिल्लक गट यांमुळे या द्रव्याला ‘क्षपित ग्राफीन ऑक्साइड’ असे वेगळे नाव आहे. निर्दोष थर लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांस ते कमी उपयुक्त ठरते; परंतु विद्युत् घटांचे अग्र, संवाहक लेप व संमिश्र द्रव्ये यांसाठी ते वापरता येते.