निवडणुकीची चर्चा ऐकताना

निकाल लागला, की दोन्ही पक्षांची गणिते मांडणारी मंडळी चर्चेला बसतात. एक म्हणतो, हा जनतेचा कौल. दुसरा म्हणतो, कौल कसला, मते फुटली! पारावर बसून ऐकणाऱ्याला वाटते, यांतला एक नक्की खोटे बोलतो आहे. पण पुष्कळदा दोघांचेही आकडे खरे असतात. आपल्या जालन्याचेच पाहा ना.

१९९९ पासून लागोपाठ पाच वेळा निवडून आलेले भाजपचे रावसाहेब दानवे मे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचे डॉ. कल्याण काळे यांच्याकडून सुमारे १ लाख १० हजार मतांनी हरले. याच काळे यांना २००९ साली दानव्यांनी साडेआठ हजारांच्या आतल्या फरकाने हरवले होते. आता एक जाणकार म्हणेल, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत सप्टेंबर २०२३ मध्ये लाठीमार झाला, त्याचा हा राग. दुसरा म्हणेल, छे, सोयाबीन-कापसाच्या भावाने शेतकरी गांजला होता. दोन्ही म्हणणी पटण्यासारखी आहेत. मात्र आरक्षणाच्या चळवळीतून पुढे आलेले अपक्ष मंगेश साबळे यांनाही दीड लाखावर मते पडली. म्हणजे रागाची सगळीच मते काँग्रेसकडे गेली नाहीत. हा आकडा कोण सांगतो आणि कोण गाळतो, तिकडे कान ठेवावा.

नोव्हेंबरात विधानसभेला जिल्ह्यातल्या पाचही जागा महायुतीने जिंकल्या. सहा महिन्यांत जालना फिरले, असे कुणीही म्हणेल. पण थांबा. लोकसभेचे जालना आणि जिल्हा जालना एक नव्हे. लोकसभेच्या जालन्यात सिल्लोड, फुलंब्री, पैठण येतात. परतूर आणि घनसावंगी येत नाहीत. तेव्हा तुलना करायची तर लोकसभेतल्या त्या सहा जागांची करावी. तशी केली तरी सहाही महायुतीकडेच गेलेल्या दिसतात. मात्र सिल्लोडला फरक अडीच हजारांच्याही आत. यावर एक बाजू लाडक्या बहिणीचे दरमहा दीड हजार पुढे करील, दुसरी बंडखोरांकडे बोट दाखवील. मनोज जरांगे यांनी ४ नोव्हेंबरला उमेदवार उभे न करण्याचे जाहीर केले, तेही हिशेबात धरावेच लागेल.

अमेरिकेतही त्याच नोव्हेंबरात हेच झाले. ट्रम्प यांना ३१२ निर्वाचक मते मिळाली, कमला हॅरिस यांना २२६. ट्रम्प यांच्या बाजूचे याला प्रचंड कौल म्हणतात. विरोधक दाखवतात, की जनतेच्या मतांतला फरक टक्का-दीड टक्क्याचा. मोजमापच दोघांनी वेगळे घेतले, मग भांडण मिटायचे कसे?

शिक्षकमित्रांनी फळ्यावर दोन नकाशे काढावेत, एक जिल्ह्याचा, एक लोकसभा मतदारसंघाचा. परतूरकडचा एखादा मुलगा लगेच विचारील, "गुरुजी, मग आमचा खासदार कुठला?" त्याला सांगावे, परभणीचा.