स्टिकर आणि डायरीचा धंदा : नासाडी थांबवा, नफा वाचवा

जानेवारी सरला की छपाईच्या दुकानातील एक कोपरा डोळ्यांना नकोसा होतो. तारखा छापलेल्या पण न खपलेल्या डायऱ्या आणि प्लॅनर तिथे पडून असतात. प्रस्तुत लेखकाच्या दुकानात एका वर्षी असे तीनशे प्लॅनर उरले. निम्म्या किमतीतही कोणी घेईना. अखेर रद्दीवाल्याला बोलावले. तो म्हणाला, "कव्हर फाडून द्या, तार काढून द्या आणि स्टिकरची पाने वेगळी करा. आतला कागद तेवढा घेतो." घरच्या मंडळींना घेऊन तीन रात्री कव्हरे फाडत बसलो. जे रद्दीवाल्याने नाकारले, त्यावरच आपण सर्वांत जास्त पैसा घातला होता, हे तेव्हा लक्षात आले. कव्हरचे चकचकीत लॅमिनेशन, चमकीचे स्टिकर, रेक्झिनची पट्टी यांतले काहीच त्याने घेतले नाही.

आठवड्याची कामे वहीत मांडून ती वही रंगीत कागद, पट्ट्या आणि स्टिकरांनी सजवण्याची हौस विद्यार्थिनींमध्ये आणि नोकरदार वर्गात चांगलीच वाढली आहे. थोड्या भांडवलात घरबसल्या करता येण्याजोगा हा धंदा असल्याने अनेक होतकरू तरुण-तरुणी त्यात उतरत आहेत. त्यांनी सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या धंद्यात निसर्गाचे नुकसान जिथे होते, बहुतेक वेळा तिथेच आपल्या खिशालाही गळती लागलेली असते.

स्टिकर म्हणजे नुसता कागद नव्हे

स्टिकरचे तीन थर असतात. वरचा छापील थर, मधला चिकट थर आणि खालचा गुळगुळीत बॅकिंग पेपर. वर लॅमिनेशन केले की चौथा थर येतो. वरचा थर क्रोमो किंवा मॅपलिथो कागदाचा असू शकतो, नाहीतर विनाईल म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकचा. दुकानदार दोन्हींना स्टिकरच म्हणतो. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे कोपरा फाडून पाहणे. कागद तंतू सोडत फाटतो, प्लास्टिक ताणले जाते.

बॅकिंग पेपरवर सिलिकॉनचा लेप असतो. त्या लेपामुळेच स्टिकर अलगद निघतो. पण त्याच लेपामुळे हा कागद साध्या रद्दीत चालत नाही. चिकट थराची कथा याहून वाईट आहे. वापी, मुझफ्फरनगर अशा ठिकाणच्या कागद गिरण्या रद्दीचा लगदा करून नवा कागद बनवतात. स्टिकरचा डिंक पाण्यात विरघळत नाही. त्याच्या बारीक गोळ्या होतात, त्या जाळीला आणि रुळांना चिकटतात आणि तयार कागदाला भोके पडतात. म्हणून वहीच्या पानोपानी स्टिकर लावले की ती वहीच रद्दीच्या दृष्टीने बिघडते.

लॅमिनेशनचेही तसेच. कागदावर प्लास्टिकची फिल्म बसली की तो ना धड कागद राहतो, ना प्लास्टिक. कोरड्या जागी वापरायच्या स्टिकरला लॅमिनेशनची गरज नसते. गिऱ्हाइकाला दोन्ही नमुने दाखवा आणि भावातला फरक सांगा. बरेच जण साधा पसंत करतात.

शीटवरची जागा वाचवा

आता हिशेब पाहू. डिजिटल छपाईची शीट १२ बाय १८ इंचांची. चारही बाजूंनी पाव इंच सोडले तर ११.५ बाय १७.५ इंच जागा उरते. दोन इंच व्यासाचे गोल स्टिकर त्यात ५ गुणिले ८, म्हणजे ४० बसतात. संपूर्ण शीटच्या क्षेत्रफळापैकी जेमतेम ५८ टक्के भाग कामी येतो. उरलेला ४२ टक्के भाग आपण पैसे देऊन आणतो आणि कचऱ्यात टाकतो. त्यात डिंकही आला आणि बॅकिंगही.

आता तोच स्टिकर ४८ मिलिमीटरचा चौकोनी करा आणि शेजारच्या दोघांत कापण्याची रेष एकच ठेवा. दोन इंच म्हणजे सुमारे ५१ मिलिमीटर. तीन मिलिमीटरचा फरक गिऱ्हाइकाच्या नजरेत भरत नाही. पण शीटवर आता ६ गुणिले ९, म्हणजे ५४ नग बसतात आणि ८९ टक्के भाग कामी येतो. हजार स्टिकरना पूर्वी २५ शीट लागत होत्या, आता १९ पुरतात. सहा शीट वाचल्या. ना नवे यंत्र लागले, ना कर्ज.

म्हणून गिऱ्हाईक "दोन इंच गोल" म्हणाले की लगेच होकार देऊ नका. आधी शीटवर मांडणी करून पाहा, मग माप सुचवा. गोलच हवा असेल तर दोन गोलांमधल्या मोकळ्या जागेत छोटे ठिपके, बाण, तारे बसवा. प्लॅनर सजवणाऱ्यांना असे छोटे स्टिकर हवेच असतात.

पोस्टाच्या तिकिटापासून धडा

बॅकिंग पेपरच नको असेल तर? उत्तर नवे नाही. नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात १९२०च्या दशकापासून पोस्टाची तिकिटे छापली जातात. डिंक लावलेले तिकीट ओले करून चिकटवायचे, त्याला बॅकिंग नाही. चौकोनी तिकिटे एकाला एक लागून असल्याने दोन तिकिटांमध्ये कागदाचा तुकडाही वाया जात नाही. आज आपण पर्यावरणपूरक स्टिकर शोधत फिरतो. त्याचा उत्तम नमुना पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पाकिटांवर होता.

पिष्टापासून बनणारा डेक्स्ट्रिनचा डिंक किंवा झाडाचा डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे गिरणीतही त्रास देत नाही. वहीवरच्या नावाच्या पट्ट्या, पाकिटांची सील, मिठाईच्या कागदी डब्यांवरची लेबले यांना असा कागद छान चालतो. मात्र अडचणी आधीच समजून घ्या. डिंक वाळताना कागद गुंडाळला जातो, म्हणून शीट वजनाखाली सपाट ठेवाव्या लागतात. पावसाळ्यात त्या एकमेकींना चिकटतात, म्हणून माल कोरड्या कपाटात ठेवा आणि मोठा साठा करू नका. काच, प्लास्टिक आणि फ्रिजमधल्या मालावर हा स्टिकर टिकत नाही. अशी ऑर्डर आली तर तसे स्पष्ट सांगा.

सजावटीच्या पट्ट्यांबद्दलही थोडे. वाशी टेप ही मूळची जपानी कागदी पट्टी. कुराशिकी येथील कामोई कंपनीने कारखान्यात वापरायच्या मास्किंग टेपपासून ती विकसित केली आणि २००८ साली सजावटीसाठी बाजारात आणली. त्याच नावाखाली प्लास्टिकच्या पट्ट्याही विकल्या जातात. घाऊक खरेदीपूर्वी इथेही फाडून पाहण्याची परीक्षा घ्याच.

तारीख छापू नका

डायरीच्या धंद्यातली सर्वांत मोठी नासाडी तारखेमुळे होते. ऑक्टोबर ते डिसेंबर ऑर्डरी येतात आणि फेब्रुवारीत उरलेल्या मालाची रद्दी होते. उपाय सोपा आहे. बावन्न आठवड्यांची पाने छापा, वारांची नावे द्या आणि तारखेची जागा कोरी सोडा. असा प्लॅनर जूनमध्ये शाळा उघडताना विकला जातो, एप्रिलमध्येही विकला जातो आणि उरला तर पुढच्या वर्षी चालतो. स्टिकरची पाने वहीत शिवू नका, वेगळ्या पाकिटात द्या. ज्याला हवी तो विकत घेईल.

बांधणीसाठी जुन्या खातेवह्यांकडे पाहा. पुठ्ठा, सुती कापड, दोरा आणि खळ एवढ्यावर त्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. वही संपल्यावर कव्हर तसेच ठेवून आत नवी पाने घालण्याची सोय केली, तर तेच गिऱ्हाईक दरवर्षी आपल्याकडे परत येते.

कव्हरला हातकागद

कव्हरसाठी हातकागद उत्तम. तो बनवण्यासाठी झाड तोडावे लागत नाही. सुती कापडाच्या चिंध्या आणि होजिअरीची कात्रणे भिजवून, कुटून त्याचा लगदा करतात. दौलताबाद-खुलताबाद परिसरातील कागजीपुरा हे गाव या कलेवरूनच ओळखले जाते. चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादला हलवली गेली तेव्हापासूनची ही परंपरा मानतात. जयपूरजवळच्या सांगानेरमध्येही कागझी घराण्यांनी हा व्यवसाय जगवला. पुण्याची हातकागद संस्था १९४० सालची. हा कागद जाड आणि खरखरीत असतो, शाई शोषतो आणि गिरणीच्या कागदापेक्षा महागही पडतो. म्हणून आतली पाने त्याची करण्याच्या भानगडीत पडू नका. कव्हर, पाकीट आणि खुणेची पट्टी एवढ्यापुरता तो वापरा. कात्रणेही फेकू नका, त्यांचे छोटे टॅग बनतात.

कायदा आणि खरे बोलणे

१ जुलै २०२२ पासून देशात काही एकल-वापर प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. मिठाईचे डबे आणि निमंत्रणपत्रिका यांवर गुंडाळायची प्लास्टिक फिल्म तीत येते. पत्रिकेचे काम करणाऱ्यांनी हे विसरू नये. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले, तेव्हा निर्यातीचा विचार असेल तर चमकीचा मोह टाळा.

आणखी एक. विनाईलच्या स्टिकरवर हिरवे पान छापून तो "इको-फ्रेंडली" म्हणून विकण्याची चाल बाजारात रूढ झाली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. "इको-फ्रेंडली", "हरित" असे मोघम शब्द वापरायचे तर आधार दाखवावा लागतो. त्यापेक्षा सरळ छापा : "कागदी स्टिकर, पाण्यात विरघळणारा डिंक, लॅमिनेशन नाही." हे वाक्य गिऱ्हाईक स्वतः पडताळून पाहू शकते, आणि अशा वाक्यानेच धंद्याची पत वाढते.

सुरुवात आजच करता येईल. दुकानात एक रिकामे पोते ठेवा. आठवडाभराची कात्रणे, बिघडलेल्या शीट आणि बॅकिंग त्यातच टाका आणि शनिवारी त्याचे वजन करा. खरेदीच्या भावाने त्या वजनाची किंमत काढून भिंतीवर लिहून ठेवा. पुढच्या शनिवारी तो आकडा कमी कसा होईल हे कारागिरांनाच विचारा. लेखकाच्या दुकानात चौकोनी मांडणीची सूचना शीट कापणाऱ्या पोरानेच केली होती.