बोबडे बोल की घरचे बोल?

भिवंडीजवळच्या शेलारमध्ये एखादे आगरी मूल वर्गात 'घोरा परला' म्हणाले, की आपल्याला चटकन वाटते, याची जीभ वळत नाही. पण आगरी बोलीत 'ड'चा 'र', 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' होतो. त्याची आजीही 'डोला', 'पानी' असेच म्हणते. तिला कुणी उपचारांना पाठवत नाही!

मग खरा दोष ओळखायचा कसा? समजा, मूल 'कोण'ऐवजी 'तोन' म्हणते. यातला 'न' घरचा आहे. 'त' मात्र घरात कुणाचाच नाही. 'क' म्हणताना जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकतो. इथे त्याऐवजी टोक दातांकडे जाते. शाळेच्या वयातही असे होत असेल, तर आधी कान तपासावेत, मग 'क'वर काम करावे. 'ण'च्या वाटेला जाऊ नये.

यंत्रमागांमुळे भिवंडी परिसरात उर्दू आणि तेलुगू घरेही आहेत. उर्दूत 'ळ' नाही. तेलुगूत तो आहे, पण रोजच्या बोलण्यात 'भ'चा 'ब' होतो. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाचा-उपचार शिकवले जातात. असे शिक्षण घेणाऱ्याने प्रमाण मराठीची चित्रे मुलापुढे धरण्याआधी ती आईला दाखवावीत, असे आम्हाला वाटते.

आपणही चिठ्ठीत नुसते 'बोबडा' लिहू नये. दहा शब्द मूल म्हणते तसे लिहावेत आणि शेजारी घरचे मोठे माणूस म्हणते तसे.