चाकोरीतला बैल आणि कॅमेऱ्याचा अंदाज

पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतलं बैलगाडा शर्यतीचं मैदान असो, नाहीतर विटा-आटपाडीकडचं, निकालाच्या रेषेपाशी कॅमेरा घेऊन उभ्या राहणाऱ्यांची तक्रार ठरलेली. छकडा लांब असतो तोवर फोटो शार्प. जवळ आला, बैलांचे डोळे दिसायला लागले, की नेमके तेच सॉफ्ट. मग हातातली सत्तर-दोनशे विकून नवी लेन्स घ्यायच्या गोष्टी सुरू होतात. लेन्स बिचारी बहुतेक वेळा निर्दोष असते. ज्या गणिताशी तिची गाठ पडते, ते गणितच शेवटच्या सेकंदात अंगावर येतं.

समजा, लेन्स २०० मिलिमीटरवर आहे आणि जोडी सेकंदाला १० मीटर अशा एकसारख्या वेगाने थेट आपल्याकडे येतेय. अगदी दूरच्या, क्षितिजावरच्या डोंगराची प्रतिमा लेन्समागे जिथे उमटते, त्याच्या सुमारे १ मिलिमीटर मागे ४० मीटरवरच्या बैलाची प्रतिमा उमटते. बैल २० मीटरवर आला की हे अंतर २ मिलिमीटर होतं, १० मीटरवर ४ आणि ५ मीटरवर आठाहून थोडं जास्त. म्हणजे एका मिलिमीटरची पहिली वाढ व्हायला दोन सेकंद मिळाले, पुढची दोन मिलिमीटरची एका सेकंदात झाली आणि त्यापुढची चारची अर्ध्या सेकंदात. बैलाने वेग तसूभर वाढवलेला नाही. तरीही अंतर निम्मं झालं की फोकसच्या मोटरला चौपट वेगाने पळावं लागतं.

त्यात भर म्हणजे चुकायला जागाच उरत नाही. एफ २.८ वर, ४० मीटर अंतरावर साधारण साडेसहा मीटर खोलीचा पट्टा स्पष्ट दिसतो. १० मीटरवर तोच जेमतेम ४० सेंटिमीटरचा होतो. वेसणीपासून शिंगांच्या मुळापर्यंत तो खर्ची पडतो; मागे छकड्यावरचा गाडीवान धूसरच राहणार. आणि बटण दाबून शटर उघडेपर्यंत सेकंदाचा विसावा भाग गेला, तरी बैल अर्धा मीटर पुढे सरकलेला असतो. बैल आत्ता जिथे आहे तिथे अचूक फोकस केला, तर फोटो हमखास चुकतो. तो पुढच्या क्षणी कुठे असेल, तिथे फोकस करावा लागतो.

असा अंदाज बांधता येतो तो 'फेज डिटेक्शन'मुळे. लेन्सच्या डाव्या आणि उजव्या भागातून आलेल्या प्रकाशाच्या दोन प्रतिमा सेन्सरवर ताडून पाहिल्या जातात. त्या एकमेकींपासून किती आणि कोणत्या बाजूला सरकल्यात, यावरून फोकस पुढे न्यायचा की मागे, आणि किती, हे एका मापनात कळतं. दुसऱ्या, 'कॉन्ट्रास्ट' पद्धतीत मात्र जुन्या रेडिओचं बटण मागेपुढे फिरवत स्टेशन पकडावं तशी चाचपणी चालते. तोवर छकडा रेषा ओलांडून गेलेला असतो. १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने ऑटोफोकस एसएलआर घरोघरी नेला, आणि १९८८ च्या ७०००आय मध्ये हलत्या वस्तूची पुढची जागा आधीच हेरायची सोय आली.

शर्यतींचा आणि कॅमेऱ्यांचा इतिहास इथे गमतीने एकमेकांत गुंततो. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ च्या निकालाने शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परत सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यासाठीचा कायदा वैध ठरवला. मधल्या काळात कॅमेऱ्यातला आरसा गेला. सोनीचा २०१७ चा ए९ सेकंदाला ६० वेळा फोकसचं गणित करू लागला, २०२१ चा ए१ तर १२० वेळा. मैदान पुन्हा भरलं तेव्हा कॅमेरे वेगळेच होते. सेटिंग्ज मात्र पुष्कळांनी दुकानातून आणली तशीच ठेवली होती.

त्यातलं पहिलं सेटिंग म्हणजे कॅमेऱ्याने किती हट्टी असावं. नेम धरलेल्या जोडीच्या आड अचानक कोणी आलं, झेंडेवाला म्हणा की उत्साहाने पुढे घुसलेला पाहुणा, तर फोकस लगेच त्याच्यावर जावा, की कॅमेऱ्याने क्षणभर धीर धरावा? गर्दीच्या मैदानात धीर बरा. आकडे मात्र फसवे आहेत. सोनीत १ म्हणजे सर्वांत हट्टी आणि ५ म्हणजे चटकन उडी मारणारा. निकॉनमध्ये नेमकं उलट, ५ वर कॅमेरा सर्वांत जास्त थांबतो. मित्राने सांगितलेला आकडा कंपनी न विचारता लावू नये. आणि हट्टाला किंमत असतेच. सुरुवातीलाच फोकस शेजारच्या चाकोरीवर बसला, तर कॅमेरा तितक्याच निष्ठेने चुकीची जोडी धरून ठेवतो.

दुसरं सेटिंग वेगातल्या बदलाचं, आणि गैरसमज इथेच जास्त. जवळ येणाऱ्या बैलासाठी ते टोकाला नेऊन ठेवणारे बरेच भेटतात. पण नुसतं अंतर घटल्यामुळे मोटरला जो वेग लागतो, तो कॅमेऱ्याच्या गणितात आधीच धरलेला असतो. हे सेटिंग बैलाने स्वतः बदललेल्या वेगासाठी आहे: झेंडा पडताच जागेवरून घेतलेली झेप, किंवा रेषेनंतर माणसांनी जोडीला घातलेला आवर. मधल्या एकसारख्या धावेला ते वाढवलं, तर धुळीच्या लोटाने आलेलं चुकीचं मापनही कॅमेरा वेगातला बदल मानतो आणि फोकस नाचू लागतो. कुंडलच्या कुस्ती मैदानात हिशोब निराळा. पैलवानांचं अंतर फारसं बदलत नाही, पण दिशा क्षणात फिरते. तिथे उसळत्या हालचालींचं सेटिंग खरोखर कामाचं.

खिलार जातीच्या बैलाची आणखी एक अडचण आहे. दुपारच्या उन्हात त्याचं पांढरंशुभ्र अंग कॅमेऱ्याला कोऱ्या भिंतीसारखंच. ताडून पाहायला रेघ ना ठिपका. फोकसचा बिंदू डोक्यावर, म्होरकी-वेसणीपाशी ठेवावा. प्राणी ओळखणारे नवे कॅमेरे डोळा शोधतात खरे, पण कंपन्यांनी आधी कुत्रा, मांजर आणि पक्षी यांची सोय केली. कॅननच्या २०२२ च्या आर६ मार्क टू मध्ये घोड्याचाही नंबर लागला. बैल असा वेगळा पर्याय माझ्या तरी पाहण्यात नाही. खिलारच्या मुलखात हे जरा लागतंच!

समोरून फोटो घ्यायचा सोसच सोडला तर निम्मा प्रश्न सुटतो. बाजूला, दोरीच्या बाहेर उभं राहिलं की जोडी बरोबर समोरून जाताना तिचं आपल्यापासूनचं अंतर क्षणभर बदलतच नाही. फोकसच्या मोटरला जवळपास काही काम उरत नाही. मग शटर सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत खाली आणून, कॅमेरा जोडीबरोबर कमरेतून फिरवायचा. चाकांचे आरे आणि मागची गर्दी ओढल्यासारखी येते, गाडीवानाचा चेहरा स्वच्छ येतो, आणि चाकोरीतून बाजूला व्हा म्हणून माइकवरून कोणाला ओरडावं लागत नाही.